फॉस्फरस: किती, त्याआधी कुठून

पिंपरी-चिंचवडच्या डायलिसिस विभागांत मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्यासमोर येऊन बसतात ती बहुतेक माणसं याच पट्ट्यातली. भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर उमेदीची वर्षं घालवलेले टर्नर, आकुर्डी-निगडीचे निवृत्त कामगार, पिंपरी कॅम्पातले दुकानदार, चाकणला कंत्राटावर लागलेली पोरं आणि या सगळ्यांची घरं चालवणाऱ्या बायका. रिपोर्ट हातात पडला की मंडळी साखर बघतात, क्रिएटिनिन बघतात, हिमोग्लोबिन बघतात. फॉस्फरसच्या ओळीवर मात्र नजर ठरत नाही. त्या एका ओळीने मला जे शिकवलं ते इथे क्रमाने मांडते आहे. किडनीच्या रुग्णांसाठी तर हे आहेच, पण ज्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत त्यांनीही वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१. आधी फॉस्फरसचे उपकार समजून घ्या

डायलिसिस सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी रुग्णाच्या कानात घालतं, "फॉस्फरस वाईट." मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करते. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला सुमारे ८५ टक्के हाडांत आणि दातांत, कॅल्शियमशी जोडलेला. उरलेला जवळजवळ सगळा पेशींच्या आत. रक्तात फिरतो तो जेमतेम एक टक्का.

हाडाला कडकपणा येतो तो कॅल्शियम आणि फॉस्फेट या जोडीमुळे. आपण मात्र श्रेय एकट्या कॅल्शियमला देतो. स्नायू आवळायला, हृदय धडधडायला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते आणि त्या रेणूत तीन फॉस्फेट असतात. आईवडिलांकडून आलेला डीएनए फॉस्फेटशिवाय जोडला जात नाही. प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण फॉस्फरसयुक्त मेदाचं असतं.

१६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने माणसाचं मूत्र आटवून आटवून हे मूलद्रव्य वेगळं काढलं. पुढे शंभर वर्षांनी स्वीडनच्या योहान गान यांनी ते हाडातही असल्याचं दाखवलं. मूत्र आणि हाड, ही दोन ठिकाणं लक्षात ठेवा. शरीर फॉस्फरस साठवतं हाडात आणि जास्तीचा काढून टाकतं लघवीवाटे. पुढचं सगळं या दोहोंमधल्या ताळमेळावर चालतं.

२. निरोगी माणसाला तो सहसा कमी पडत नाही

मोठ्या माणसाला दिवसाला ७०० मिलिग्रॅम पुरतो असं अमेरिकेतली शिफारस सांगते. आता आपल्या साध्या ताटाचा हिशेब करू. ज्वारीच्या दोन-तीन भाकऱ्यांना शंभर ग्रॅम पीठ धरलं तर त्यातून सव्वादोनशे ते पावणेतीनशे. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीतून दीडशेच्या आसपास. पाव लिटर दुधातून सव्वादोनशे किंवा म्हशीचं असेल तर त्याहून जास्त. मूठभर शेंगदाण्यांतून नव्वदेक. म्हणजे भाजी, भात, दही धरायच्या आधीच आकडा गाठला. त्यामुळे "फॉस्फरस वाढवणारं टॉनिक द्या" असं कुणी म्हटलं तर मी पैसे वाचवायला सांगते.

तो कमी पडतो ते काही ठरावीक प्रसंगी. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या किंवा खूप खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं, तर पेशी रक्तातला फॉस्फरस झपाट्याने ओढून घेतात. रक्तातली पातळी इतकी खाली जाते की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाची लय बिघडते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हा प्रकार डॉक्टरांच्या ध्यानात आला. दारूने पोखरलेला आणि जेवण सुटलेला माणूस घरी आणला, की "आता पोटभर घाला त्याला" असं प्रेमाने म्हटलं जातं. अशा माणसाला पहिले काही दिवस थोडं थोडं, तेही रक्त तपासून द्यायचं असतं. शिवाय ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, आणि मुडदूसच्या काही आनुवंशिक प्रकारांत फॉस्फरस खरोखर कमी असतो. मुलाचे पाय वाकत चाललेत आणि ड जीवनसत्त्व देऊनही सुधारणा नाही, असं दिसलं तर रक्तातला फॉस्फरस जरूर तपासून घ्यावा.

३. धान्य-कडधान्यातला फॉस्फरस बांधलेला असतो

या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट ही. फॉस्फरस ताटात किती आहे हा एक प्रश्न, आणि त्यातला रक्तात किती उतरतो हा दुसरा.

ज्वारी, बाजरी, गहू, तूर, मटकी, शेंगदाणा यांतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात असतो. ते फोडायला लागणारं फायटेज हे विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसतं. म्हणून वनस्पतीतला फॉस्फरस साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमी शोषला जातो. दूध, अंडी, मांस-मासे यांतला त्याहून जास्त शोषला जातो.

आपल्या आज्या मटकीला मोड आणायच्या, आंबील आंबवायच्या. त्यात हे फायटेट फुटतं, आणि त्याने अडवून ठेवलेलं लोह आणि जस्तही मोकळं होतं. निरोगी माणसाने, विशेषतः रक्त कमी असलेल्या मुलीबाळींनी, मोड आलेली उसळ आवर्जून खावी. किडनीच्या रुग्णाने तीच उसळ भिजवून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी टाकून मापात खावी. उकडण्याच्या पाण्यात थोडा फॉस्फरस आणि बराचसा पोटॅशियम निघून जातो.

एके काळी किडनीच्या रुग्णाला डाळ बंद, भाकरी बंद, दाणे बंद अशी यादी हातात दिली जायची. लातूर-सोलापूरकडून इथे कामाला आलेल्या माणसाची ज्वारी काढून घेतली, खेड-जुन्नरकडच्या माणसाची बाजरी काढून घेतली, की तो जेवणातूनच उठतो. २०११ मध्ये अमेरिकेत एक छोटा पण नेटका अभ्यास प्रसिद्ध झाला. किडनी अधू असलेल्या नऊ जणांना एक आठवडा शाकाहारी आणि एक आठवडा मांसाहारी जेवण दिलं. दोन्हींत फॉस्फरस सारखाच होता, तरी शाकाहारी आठवड्यानंतर रक्तातला फॉस्फरस कमी भरला. २०२० च्या अमेरिकी किडनी-आहार मार्गदर्शक सूचनांतही फॉस्फरस कोणत्या अन्नातून येतो ते पाहूनच पथ्य ठरवा, असं म्हटलं आहे. तेव्हापासून मी भाकरी बंद करायला सांगत नाही. किती आणि कशासोबत, एवढंच ठरवते. पोटॅशियम वाढलेला असेल तर डाळी-भाज्यांचं माप वेगळं ठरतं, ते ज्याच्या त्याच्या रिपोर्टवरून.

४. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला शिका

चाकणला खोली करून राहणारा एक तरुण माझ्याकडे आला. लघवीतून प्रथिनं जात होती, क्रिएटिनिन नुकतंच वर सरकायला लागलं होतं. डायलिसिसपासून तो खूप लांब होता आणि लांबच राहावा म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. "ताई, मी मटण खात नाही, दारू पीत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या वेळी खोलीतली रिकामी पाकिटं घेऊन ये.

त्याने कॅरीबॅग भरून आणली. एका खोलीत चौघे, प्रत्येकाची शिफ्ट वेगळी, रात्री दोन वाजता स्वयंपाक कोण करणार? आम्ही पाकिटं टेबलावर मांडली आणि मागची अक्षरं मोबाइलने मोठी करून वाचली. झटपट नूडल्सवर ४५१. चीजच्या चकत्यांवर ३३९ आणि ४५२. केकच्या वेष्टनावर ४५०. काळ्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर ३३८. त्याने प्रत्येक आकड्याभोवती पेनाने गोल केला. हे आकडे म्हणजे अन्नात मिसळलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. ३३९, ३४० आणि ३४१ म्हणजे सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमची फॉस्फेटं. ४५०, ४५१ आणि ४५२ म्हणजे डाय, ट्राय आणि पॉलिफॉस्फेटं. चीज एकजीव राहावं, नूडल्सचा पोत टिकावा, केक फुगावा, गोठवलेल्या चिकनमध्ये पाणी धरून राहावं, यासाठी ती घातली जातात. कायद्याने त्यांना परवानगी आहे.

अडचण अशी की हा फॉस्फरस कशालाही बांधलेला नसतो. पोटात गेला की नव्वद टक्क्यांहून जास्त शोषला जातो. आणि पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यात ऊर्जा, प्रथिनं, साखर, मेद, सोडियम सगळं लिहिलेलं असतं, पण फॉस्फरस लिहिणं आपल्याकडे बंधनकारक नाही. म्हणून तक्ता सोडा, घटकपदार्थांची ओळ वाचा. 'इमल्सिफायर', 'स्टॅबिलायझर', 'रेझिंग एजंट', 'ॲसिडिटी रेग्युलेटर' या शब्दांपुढचे आकडे बघा. वरचे सात आकडे कागदावर लिहून डब्यांच्या फळीवर चिकटवून ठेवा. त्या तरुणाने ते मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये ठेवले आणि खोलीतल्या बाकी तिघांनाही वाचायला लावले.

५. काळ्या कोल्ड्रिंकबद्दल खरं तेवढंच सांगावं

फॉस्फरसचा विषय निघाला की सगळा राग कोल्ड्रिंकवर निघतो. एका छोट्या बाटलीतला फॉस्फरस पेलाभर दुधापेक्षा बराच कमी असतो. पण तो जवळजवळ सगळा शोषला जातो, आणि दुधातून मिळणारी प्रथिनं, कॅल्शियम त्यात औषधालाही नसतं. २००६ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात, रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी आढळली. इतर कोल्ड्रिंक पिणाऱ्यांत आणि पुरुषांत तसं दिसलं नाही. कोलानेच हाड झिजलं असं एवढ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. तरी उन्हाळ्यात शॉप फ्लोअरवरून बाहेर पडलेल्या माणसाला मी ताक किंवा लिंबूपाणीच सुचवते. किडनीच्या रुग्णाला मात्र काळं कोल्ड्रिंक पूर्ण वर्ज्य. आणि वडापावात चीजची चकती घालून मागायची जी सवय लागली आहे ती मोडायला सांगते. साध्या वडापावात फॉस्फेटची भर फारशी नसते, चकतीसोबत ती येते.

६. रक्तातल्या आकड्यामागे हाड आणि किडनी राबत असतात

फॉस्फरसचं संतुलन मला एका रुग्णाने जितकं नेमकं सांगितलं तितकं पुस्तकाने नाही. काका गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला होते. गाडीची बॉडी आधी धुऊन तेल-ग्रीस काढतात, मग झिंक फॉस्फेटच्या टाकीत बुडवतात आणि मग तिच्यावर रंग चढतो. भोसरी-चाकणला फॉस्फेटिंग म्हटलं की कुणालाही कळतं. काका म्हणाले, "मॅडम, आम्ही दर शिफ्टला बाथचे पॉइंट काढायचो. पॉइंट उतरले की थर धरत नाही, पत्रा गंजतो. चढले की थर भरड येतो, तळाला गाळ बसतो आणि वरचा रंग सुटतो. म्हणजे माझ्या रक्ताचे पॉइंट चढलेत, आणि काढणारा माणूस रजेवर गेलाय."

यापेक्षा चांगलं मलाही सांगता येणार नाही. रक्तातला फॉस्फरस दर डेसिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅमच्या मध्ये राहावा लागतो. तो चढायला लागला की हाडातल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक सोडतात. हे संप्रेरक २००० साली ओळखलं गेलं. ते किडनीला सांगतं, जास्तीचा फॉस्फरस लघवीत टाक. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं पीटीएचही तेच काम करतं. किडनी अधू होत जाते तसतशी ही संप्रेरकं वाढत जातात आणि रक्तातला आकडा बरेच दिवस जागेवर धरून ठेवतात. किडनीचं काम साधारण तीस टक्क्यांच्या खाली आल्यावर मग फॉस्फरस उघडपणे चढायला लागतो.

म्हणून किडनीचा आजार असलेल्या माणसाने "फॉस्फरस नॉर्मल आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नये. फॉस्फरस, कॅल्शियम आणि पीटीएच हे तिन्ही आकडे सोबत बघावेत. डॉक्टर पीटीएच तपासायला सांगतात तेव्हा खर्चाकडे बघून ती तपासणी टाळू नये.

७. खाज आणि हाडदुखी अंगावर काढू नका

फॉस्फरस वाढला म्हणून पोटात दुखत नाही, ताप येत नाही. रुग्ण येतो तो अंगाला खाज सुटली म्हणून. रात्र रात्र झोप नाही, पाठीवर नखांच्या रेघा. घरचे साबण बदलतात, मलमं बदलतात, गादीला ऊन दाखवतात. डायलिसिसच्या रुग्णाला खाज सुटण्याची इतरही कारणं असतात, पण फॉस्फरसचा आकडा त्यात आधी बघावा.

आत जे घडतं ते याहून गंभीर. पीटीएच वाढत राहिलं की हाडातलं कॅल्शियम निघून येतं, हाडं दुखतात, किरकोळ पडण्याने मोडतात. दुसरीकडे कॅल्शियम आणि फॉस्फेट रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतं आणि त्या कडक होतात. एका रुग्णाच्या हाताचा एक्स-रे मी पाहिला होता. हाडांच्या शेजारून जाणारी रक्तवाहिनी त्यात पांढऱ्या रेघेसारखी ठळक उमटली होती. रक्तवाहिनी एक्स-रेत अशी दिसायची नसते. किडनीच्या रुग्णांचा जीव पुष्कळदा हृदयाच्या आजाराने जातो, आणि त्यामागे या कडक झालेल्या वाहिन्यांचा मोठा वाटा असतो.

८. गोळी ताटाकडे बघून घ्यायची

फॉस्फरस बांधणारी औषधं असतात: कॅल्शियम ॲसिटेट, सेव्हेलॅमर, लँथॅनम. ती रक्तात आधीच आलेला फॉस्फरस थेट ओढून काढत नाहीत. जेवणातला फॉस्फरस आतड्यातच पकडून शौचावाटे बाहेर काढतात. म्हणून गोळी पोटात जेवणासोबतच असायला हवी. रिकाम्या पोटी घेतली किंवा जेवून दोन तासांनी आठवण झाल्यावर घेतली, तर ती जवळजवळ वाया गेली.

पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथून निवृत्त झालेल्या एका आजोबांना औषधाच्या वेळेचं महत्त्व रक्तात भिनलेलं. ते ही गोळीही घड्याळ लावून सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ अशी घ्यायचे. जेवण मात्र कधी एकला, कधी साडेतीनला. मी त्यांना म्हटलं, आजोबा, प्रतिजैविक घड्याळाकडे बघून घ्यायचं, ही गोळी ताटाकडे बघून. त्यांना ते तत्काळ पटलं. मग आजींनी ताटवाटी मांडतानाच मिठाच्या जागी गोळीची डबी ठेवायला सुरुवात केली. पुढच्या रिपोर्टात फरक दिसला.

शिफ्टला जाणाऱ्यांसाठी माझा आग्रह एकच, गोळी जेवणाच्या डब्यात जायला हवी. कँटीनमध्ये जेवत असाल तर ओळखपत्राच्या पाकिटात. चहासोबत नुसती दोन बिस्किटं असतील तर वेगळी गोष्ट, पण मधल्या वेळी चीज सँडविच किंवा अंड्याचं ऑम्लेट होणार असेल तर त्यासोबत गोळी लागते का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. थायरॉइडची गोळी आणि ही गोळी एकत्र घेऊ नका, दोन्हींमध्ये अंतर हवं.

९. आठवड्याचा जमाखर्च एकदा मांडून बघा

"डायलिसिस करतोय ना, मग पथ्य कशाला?" हा प्रश्न मला सतत येतो. मी कागद घेते. रोज हजार मिलिग्रॅम खाल्ला तर आठवड्याला सात हजार. त्यातला साठ टक्के शोषला गेला तर चार हजार दोनशे रक्तात. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये अंदाजे आठशे निघतो, कधी हजारापर्यंत. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे चोवीसशे ते तीन हजार. बाराशे ते अठराशे दर आठवड्याला आतच राहिला. तो काढायचा तर गोळी हवी, आणि पाकिटातली भर बंद व्हायला हवी. हे आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतात. पण कागदावर वजाबाकी पाहिली की समजूत पडते.

त्यातून एक डायलिसिस चुकवलं तर हिशेब किती बिघडेल, हे सांगावं लागत नाही. दोनच तास बसून "आज लवकर सोडा" म्हणण्याचंही तसंच. फॉस्फरस पेशींतून आणि हाडांतून सावकाश रक्तात येतो, त्यामुळे शेवटचे तासही कामाचे असतात. पैशांमुळे खाडे होत असतील तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची रुग्णालयात चौकशी करा. डायलिसिस त्यात बसतं. कागदपत्रांसाठी आरोग्यमित्राला भेटा.

१०. फॉस्फरसच्या भीतीने प्रथिनं तोडू नका

प्रथिनांच्या पदार्थांत फॉस्फरस असतोच. म्हणून घाबरलेलं घर रुग्णाला नुसता भात आणि दुधी भोपळा घालत राहतं. आकडा उतरतो, पण माणूसही उतरतो. डायलिसिसवरच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, निरोगी माणसापेक्षा जास्तच. डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच्या टप्प्यात गणित वेगळं असतं, ते शेजाऱ्याच्या पथ्यावरून ठरवू नये.

इथे बघायचं ते एका ग्रॅम प्रथिनामागे फॉस्फरस किती. अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस अवघा पाचेक मिलिग्रॅम. बलकासकट अंडं घेतलं तर तोच नव्वदच्या वर जातो. जो अंडी खातो त्याला मी पांढरा भाग बिनधास्त सुचवते. ताजं चिकन आणि मासे मापात चालतात, उकडून पाणी टाकलं तर अधिक बरं. गोठवलेले तयार नगेट्स मात्र नकोत.

पण आपलं शहर देहू आणि आळंदी यांच्या मध्ये वसलेलं आहे. माझ्याकडे माळकरी रुग्ण बरेच. गळ्यातल्या माळेचा मान राखूनच आहार बसवायचा असतो. त्यांच्यासाठी घरचं ताजं पनीर थोडं, भिजवून उकडलेली मुगाची डाळ, मापात दही. एकादशीला आणि चिंचवडच्या मोरया गोसावींच्या भक्तांच्या संकष्टीला प्रश्न येतोच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात फॉस्फरस थोडा, पण खिचडीतले दाणे आणि बटाटा पोटॅशियम घेऊन येतात. राजगिऱ्यात फॉस्फरस बराच. वरीचा भात आणि कुटाची पातळ आमटी थोड्या मापात घेतली तर उपवासही मोडत नाही आणि रिपोर्टही. मधुमेह असेल तर उपवासाबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

११. किडनी आधी तपासा, मग फॉस्फरसची वेळच येणार नाही

माझ्याकडे आलेल्यांत मधुमेह आणि रक्तदाबाने किडनी गेलेले सर्वाधिक. अनेकांना आजार कळला तो पायाला सूज आल्यावर. कंपनीत दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते, तिचा कागद लॉकरमध्ये पडून असतो. साखर किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं. पाठ-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाऊ नयेत. कंत्राटी कामगाराला ही तपासणी कुणी आणून देत नाही, म्हणून त्याच्या घरच्यांनी लक्ष घालावं. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात जाऊन ती करून घ्यावी.

१२. शरीराबाहेर गेलेला फॉस्फरस संपत नाही

तो मैलापाण्यातून पुढे जातो. पवना आणि इंद्रायणीवर जलपर्णीचा जो हिरवा थर चढतो, त्याला नायट्रोजन आणि फॉस्फरसचंच खत मिळतं. घराघरांतलं सांडपाणी, डिटर्जंट आणि कारखान्यांचं पाणी, सगळं त्यात आहे. ज्या पवनेचं पाणी आपण रावेतच्या बंधाऱ्यावरून घेऊन पितो, तिच्यात सांडपाणी प्रक्रिया न करता सोडायचं नाही, हा आग्रह धरणं मला आरोग्याचंच काम वाटतं.

१३. पथ्य एकट्या रुग्णाचं नसतं

ज्या घरात रुग्णाचं ताट वेगळं पडतं तिथे पथ्य फार दिवस टिकत नाही. नातवंडांच्या हातात नूडल्सची वाटी आणि आजोबांसमोर दुधी, हे कुणाला सोसेल? ज्या घराने सगळ्यांसाठीच पाकिटं कमी केली, भाकरी-उसळ पुन्हा आणली, तिथे रुग्णाचे आकडे सुधारलेले मी पाहिले आहेत, आणि मुलांचा फायदा वेगळाच. भाकरीतल्या फॉस्फरसला निरोगी माणसाने भ्यायचं कारण नाही आणि रुग्णानेही ती मापात खाल्ली तर चालते. सावध राहायचं ते न सांगता मिसळलेल्या फॉस्फरसपासून. म्हणून उद्या किराणा भरायला जाल तेव्हा एकेक पाकीट उलटं करा आणि ते सात आकडे शोधा. सापडले तर ते पाकीट फळीवर परत ठेवा. घरात कुणी किडनीचा रुग्ण असो वा नसो, ही सवय आजच लावून घ्या.